आर-६००ए गॅसचा फ्रीज : गिरगावातल्या स्वयंपाकघरातून

फ्रीज घेताना लोक लिटर आणि स्टार बघतात. मी दुकानात तो आधी भिंतीपासून पुढे ओढायला लावला आणि मागचं लेबल वाचलं. पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र, खाली आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, फ्रीज थंड ठेवणारा आतला गॅस. मग किंमत विचारली.

साधा, एका दरवाजाचा, १९० लिटरचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण आता बऱ्याच कंपन्या हाच गॅस भरतात. कामाला चोख आहे. मे महिन्यातही ओलं खोबरं आंबलं नाही. कॉम्प्रेसरचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, चाळीत हे फार महत्त्वाचं. भाजीचा ट्रे मात्र उथळ, मेथीची जुडी मोडूनच ठेवावी लागते. पावसाळ्यात फ्रीझरमध्ये बर्फ पटकन साचतो, त्यामुळे डिफ्रॉस्टचं बटण विसरू नका.

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलं विचारतात, "बाई, पृथ्वी तापतेय, मग आम्ही मोठे होईपर्यंत मुंबई बुडणार का?" आता मी त्यांना या लेबलाची गोष्ट सांगते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड जगासमोर आलं. दोषी होते सीएफसी वायू, म्हणजे तेव्हाच्या फ्रीजमधला आर-१२ आणि त्याची भावंडं. दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियलचा करार झाला. पुढे जगातला एकूण एक देश त्यात आला, भारत १९९२ मध्ये. कारखाने बदलायला गरीब देशांना श्रीमंत देशांनी पैसे दिले. दम्याच्या पंपासारखे थोडे अपवाद सोडले तर २०१० पर्यंत सीएफसी बंद झाले. ओझोन आता भरून येतोय. अंटार्क्टिकावर तो २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माझे विद्यार्थी ते बघायला असतील.

मधल्या काळात फ्रीजमध्ये आलेला आर-१३४ए गॅस ओझोनला निर्धोक होता, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरणारा. मग २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला त्या जातीच्या वायूंनाही कात्री लावायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. एक चूक निस्तरली, तिच्यातून निघालेली दुसरीही हातात घेतली! कोळसा आणि पेट्रोल सोडण्याचं काम याहून कितीतरी अवघड आहे, ते दोन्ही घराघरात आणि रस्त्यारस्त्यावर मुरलेले आहेत. तरी माणसं एकत्र बसून ठरवतात आणि पाळतात, याचा पुरावा माझ्या ओट्याशेजारी उभा आहे. माझा भरवसा त्यावर आहे.

आयसोब्युटेन पेट घेतो, म्हणून घाबरणारे भेटतील. माझ्या फ्रीजमध्ये तो पन्नास ग्रॅमहूनही कमी आहे. मागे हवा खेळू द्या आणि दुरुस्तीला या गॅसचं प्रशिक्षण घेतलेलाच मेकॅनिक बोलवा. नळीला थेट ज्वाळा लावणारा नको.

एक तक्रार आहे, ती फ्रीजबद्दल नाही. एक्स्चेंजमध्ये दिलेला माझा जुना फ्रीज आर-१२ चा होता. त्यातला गॅस काढून घेणार का, हे नेणाऱ्या मुलांना ठाऊक नव्हतं आणि दुकानालाही सांगता आलं नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत फ्रीज येतो, उत्पादकावर जबाबदारी आहे. तेव्हा जुना फ्रीज दारातून बाहेर जाण्याआधी तो कुठल्या रिसायकलरकडे जाणार, हे पावतीवर लिहून घ्या.