लव्हाळ्याचं ‘जैविक’ औषध घेण्याआधी हे वाचा

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-मानवतच्या पट्ट्यात आमची शेती आहे. उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, लव्हाळा हे तण किती छळतं हे बागायतदाराला सांगायला नको. बाई लावून खुरपून घ्यावं, तर पुढच्या पाण्याच्या पाळीला रान पुन्हा हिरवं. मजुरी वाढलेली आणि वेळेवर माणूस मिळत नाही. ही नड ओळखूनच काही लोक गाडीतून गावोगाव फिरतात आणि लव्हाळ्याचं ‘जैविक’ तणनाशक विकतात. आमच्याकडून त्यांनी लिटरला 1,800 रुपये घेतले.

त्यांची विकायची पद्धत नीट समजून घ्या, कारण चांगली जाणती माणसंही तिला फसतात. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, आल्यावर विकणारा माणूस आधी पैशाचं नावच काढत नाही. थोरल्या भावाला म्हणाला, “अण्णा, आधी बघा, पटलं तर पैसे द्या. गाठीसकट जातंय, उसाला धक्का नाही.” चारीच्या कडेला लव्हाळा दाट होता, तिथं त्यानं स्वतःच पंपानं एक पट्टा मारून दाखवला आणि निघून गेला. दोन-तीन दिवसांनी आला तेव्हा त्या पट्ट्यातली पाती पार तांबूस, वाळून कोळ झालेली. गल्लीतले शेतकरी बघायला आले, त्यांनीही कॅन घेतले. बिल मागितलं, तर “कंपनीकडून व्हॉट्सॲपवर येतं” म्हणाला.

सगळी फसवणूक त्या वाळलेल्या पात्यात आहे. लव्हाळ्याचा जीव पात्यात नसतो, जमिनीखालच्या गाठीत असतो. या गाठी बारीक मुळ्यांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचं पातं जाळणारं कुठलंही स्पर्शजन्य औषध मारा, दोन दिवसांत लव्हाळा मेल्यासारखा दिसणारच. गाठीपर्यंत ते पोचत नाही. आमच्याकडं पुढचं पाणी दिलं आणि वाफशावर आलेल्या सरीत सुईसारखे कोंब पुन्हा वर आले. खुरप्यानं उकरून एक गाठ काढली. वरून काळी, केसाळ. नखानं फोडली तर आत पांढरीशुभ्र, टणक, नागरमोथ्याचा तोच उग्र वास. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. उलट उसाच्या कोवळ्या फुटव्यांवर जळाल्याचे डाग पडले होते. “उसाला धक्का नाही” म्हणणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

गाठीपर्यंत जाणारं खरं औषध सावकाश काम करतं. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के या घटकाला आपल्याकडं मान्यता आहे, मात्रा एकरी 36 ग्रॅम. ते पानातून खाली उतरतं, त्यामुळं लव्हाळा आधी हळूहळू पिवळा पडतो आणि मरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा “दोन दिवसांत साफ” असं कुणी म्हणालं की तिथंच सावध व्हा. प्रात्यक्षिक बघायचंच असेल, तर एक पाणी होऊ द्या आणि मग गाठ उकरून, फोडून बघा. एवढं थांबायला सांगा, विकणारा परत येतो का ते कळेल.

पैसा गेला त्याहून मला जास्त राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. फवारताना आमच्या सालगड्याच्या डोळ्यात औषध उडालं. डोळा लालबुंद झाला, पाणी थांबेना. भरपूर पाण्यानं धुऊन त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “औषध कोणतं? बाटली आणली का?” कॅन पुढं केला. त्यावर हिरव्या पानाचं चित्र, ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ ही अक्षरं आणि तो बंद पडलेला नंबर. घटकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, उतारा काय द्यायचा तेही नाही. डोळा वाचला, पण हेच पोटात गेलं असतं तर डॉक्टरांनी कशावरून उपचार करायचे? जैविक म्हणून माणसं हातमोजे-चष्मा न घालता फवारतात, लेकरं कॅनमधून पाणी आणतात. घरात चुकूनही असा रिकामा कॅन ठेवू नका.

कायद्यानं तणनाशकही कीटकनाशकातच मोडतं. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे. त्याप्रमाणं औषधाची केंद्राकडं नोंदणी लागते आणि विकणाऱ्याला परवाना लागतो. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक व त्याचं प्रमाण, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, विषारीपणा दाखवणारी रंगीत चौकटीची खूण हे सगळं असायलाच हवं. आत माहितीपत्रक असतं, त्यात तुमच्या पिकाचं नाव आहे का ते बघा. ‘जैविक’, ‘बायो’, ‘अर्क’ असं काहीही लिहिलं तरी तण मारतो म्हणून विकलं की नोंदणी चुकत नाही.

आम्ही पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण अडचण अशी की विकणाऱ्याला दुकान नाही, गोदाम नाही, पक्कं बिल नाही. तपासणीचा नमुना निरीक्षक विक्रेत्याच्या सीलबंद मालातून घेतात. आमचे कॅन उघडलेले. ग्राहक आयोगात जायचं तरी खरेदीचा कागद लागतो. म्हणूनच हे लोक बिल देत नाहीत.

तरी आम्ही लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. कॅनचे फोटो, गाडीचा नंबर आणि एक न उघडलेला कॅन शेजाऱ्याकडं निघाला, तो जपून ठेवला आहे. तुमच्या गावात अशी गाडी आली तर माल घेऊ नका, गाडीच्या नंबराचा फोटो काढा आणि ती गावात असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांना फोन लावा. ज्यांनी आधीच घेतलं असेल त्यांनी उरलेला कॅन फेकू नये, तसाच सील ठेवावा आणि आपापल्या तालुक्यात अर्ज द्यावा. चार तालुक्यांतून एकाच कॅनच्या तक्रारी गेल्या तर तपास पुढं सरकेल.