ग्राफिक्स कार्डावर सीटी प्रतिमांची पुनर्रचना : टिग्रेचा आठ महिन्यांचा अनुभव

कोन-बीम सीटीच्या (शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने केलेल्या स्कॅनच्या) प्रक्षेपणांतून, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांतून, त्रिमितीय प्रतिमा उभी करण्यासाठी गेले आठ महिने मी टिग्रे हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर रोज वापरतो आहे. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठ आणि युरोपातील कणभौतिकी संशोधन संस्था सर्न यांनी मिळून ते विकसित केले आहे. आमच्याकडे त्यासाठी १२ जीबी मेमरीचे एकच ग्राफिक्स कार्ड आहे.

त्याआधी मी प्रोसेसरवर चालणारा स्वतःचा प्रोग्रॅम वापरत असे. प्रत्येक बाजूला ५१२ व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेचे सूक्ष्म घटक) असलेल्या घनात १३ कोटी ४२ लाख व्हॉक्सेल असतात आणि पश्चप्रक्षेपणात, म्हणजे प्रक्षेपणांतील मूल्ये घनात परत पसरवताना, त्यांतील प्रत्येकाची छाया प्रत्येक प्रक्षेपणावर कुठे पडते ते काढावे लागते. प्रक्षेपणे ३६० असतील तर ही क्रिया ४,८०० कोटींहून अधिक वेळा होते. एका व्हॉक्सेलचे काम दुसऱ्यावाचून अडत नसल्यामुळे कार्डाचे हजारो थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) ते एकाच वेळी उरकतात. १९८४ ची एफडीके ही पुनर्रचनेची पद्धत हे पश्चप्रक्षेपण एकदाच करते, पण ओएस-सार्ट किंवा सीजीएलएससारख्या, प्रतिमा टप्प्याटप्प्याने सुधारत नेणाऱ्या पद्धतींत ते फेरीमागून फेरी करावे लागते आणि मला खरा लाभ झाला तो तिथेच. पूर्वी संध्याकाळी लावलेल्या कामाचा निकाल सकाळी मिळे. पद्धतीला आधी ठरवून द्यायचा एखादा गुणांक चुकला की पुढची रात्रही जाई. आता दुपारच्या जेवणापूर्वी तीन-चार गुणांक तपासून होतात. कमी प्रक्षेपणांत, म्हणजे रुग्णाला कमी किरणोत्सर्ग देऊन, कितपत चांगली प्रतिमा मिळेल हाच माझा प्रश्न असल्यामुळे ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

एका चुकीत मात्र माझे तीन दिवस गेले. मी स्वतः लिहिलेल्या सीजीएलएसमध्ये शेष त्रुटी (मोजलेल्या आणि प्रतिमेवरून काढलेल्या प्रक्षेपणांतील फरक) आधी घटे आणि काही फेऱ्यांनंतर पुन्हा वाढू लागे. पश्चप्रक्षेपणाचा पर्याय मी ‘एफडीके’ ठेवला होता; त्यात मूल्यांना दिलेले भार प्रक्षेपणाच्या मॅट्रिक्सच्या (प्रतिमेवरून प्रक्षेपणे काढणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याच्या) ट्रान्सपोजशी, म्हणजे ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या तक्त्याशी, जुळत नाहीत आणि सीजीएलएसला नेमके तेच लागते. पर्याय ‘मॅच्ड’ करताच त्रुटी सरळ उतरत गेली.

कार्डाच्या टेक्श्चर मेमरीत (चित्रे वाचण्यासाठीच्या खास मेमरीत) शेजारच्या पिक्सेलांच्या दरम्यानचे मूल्य हार्डवेअरच काढते, पण त्यातील अपूर्णांकाला ८ बिटच मिळतात, म्हणून मला अचूकतेची धास्ती होती. प्रोसेसरवरील निकाल वजा करून पाहिला, तेव्हा आमच्या प्रतिमांतील फरक नॉइजच्या पातळीखालीच राहिला.

अडचण आहे ती मेमरीची. १०२४ व्हॉक्सेल बाजूच्या घनाची एक प्रत ४ जीबी घेते आणि फेऱ्यांच्या पद्धतींना अशा अनेक प्रती लागतात. टिग्रे घनाचे तुकडे करून ते कार्डावर आळीपाळीने नेते, त्यामुळे काम थांबत नाही. पण मग सगळ्या प्रती मुख्य मेमरीत ठेवाव्या लागतात, म्हणून नव्या संगणकाच्या मागणीपत्रात मी महागड्या कार्डाआधी १२८ जीबी रॅम लिहिली आहे.