जुनी गिटार, कीबोर्ड, ऑक्टापॅड विकायचाय: ऑनलाइन जाहिरात की दुकानात कमिशनवर?

मंदीत वाद्य विकायला काढलं की दोनच रस्ते धड उरतात. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर स्वतः जाहिरात टाकायची, नाहीतर जिल्ह्याच्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात कमिशनवर ठेवायचं. दुकानदाराला रोखीने विकून मोकळं होता येतं, पण ते खरंच घाई असेल तर; तो सांगतो तो भाव ऐकून बहुतेक जण वस्तू परत घरी आणतात. एक्स्चेंजमध्ये आकडा जरा बरा दिसतो. तिथे एकच सांभाळायचं: आधी नव्या वस्तूचा रोखीचा भाव पक्का करून घ्यायचा आणि मगच जुनी वस्तू पुढे करायची. उलट केलं की जुनीला दिलेले जास्तीचे पैसे नवीच्या किमतीत गुपचूप वसूल होतात.

रस्ता कुठलाही धरा, आधी महिना बघा. आपल्याकडे मंदी बाराही महिने सारखी नसते. जून-जुलैत पैसा बी-बियाण्यात आणि खतात जातो, तेव्हा आठवडे गेले तरी फोन वाजत नाही. पितृपक्षात तर सौदा ठरलेला माणूसही ‘नवरात्रात नेतो’ म्हणतो. याउलट गणपतीच्या आधीचा महिना, १४ एप्रिलच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की सुरू होणारी लग्नसराई, या काळात ऑर्केस्ट्रावाले आणि भीमगीतांच्या पार्ट्या ऑक्टापॅड, कीबोर्ड, मिक्सर, माइक शोधत फिरतात. हरिनाम सप्ताहांमुळे माइक आणि साउंडची उचल त्यापुढेही चालू राहते. गिटारचं गणित निराळं, ती पोरांची वस्तू. लातूर, नांदेड, संभाजीनगरात नीट आणि सीईटी उरकल्या की मे-जूनमध्ये गिटारला गिऱ्हाईक असतं, आणि अकरावीचे क्लास सुरू झाले की त्याच गिटारी आईवडील विकायला काढतात. ऑगस्टमध्ये गिटारची जाहिरात टाकून भाव पाडून घेण्यापेक्षा ती बॅगेत राहिलेली बरी.

आणखी एक गोष्ट मनाला पटवून घ्यावी लागते. नवीन तीन-चार हजारांना मिळणाऱ्या ऑनलाइन गिटारींना जुन्या बाजारात किंमत नसते. त्या ओळखीच्या पोराला द्या, दोन्ही रस्त्यांचा वेळ वाचेल. पुढचं सगळं यामाहा एफ३१० आणि त्यावरच्या गिटारी, नावाजलेल्या कंपन्यांचे कीबोर्ड, रोलंडचे पॅड, चांगले ॲम्प अशा वस्तूंसाठी आहे. माझ्या अंदाजाने बिल, बॅग आणि मूळ ॲडॅप्टर असलेली स्वच्छ वस्तू आजच्या नव्या भावाच्या ५५ ते ६५ टक्क्यांत जाते आणि बिल नसेल तर निम्म्याच्या आत. आपण किती वर्षांपूर्वी कितीला घेतली होती याला गिऱ्हाईक विचारत नाही. माइकच्या बाबतीत बिल म्हणजे जवळजवळ सगळंच, कारण शुअर एसएम५८ च्या नकला इतक्या फिरतात की बिनबिलाच्या खऱ्या माइककडेही लोक संशयाने बघतात.

ऑनलाइन जाहिरातीची जमेची बाजू सरळ आहे. कमिशन नाही, भाव आपला आणि पुण्यापर्यंतचा माणूस जाहिरात बघतो. फोटो नीट काढले तर निम्मे फालतू प्रश्न आपोआप कमी होतात. गिटारचे सहा फोटो पुरतात: हेडस्टॉक (खुंट्यांचं डोकं) पुढून आणि मागून, पहिले तीन फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळून, ब्रिज (खाली तारा अडकतात तो भाग) बाजूने, बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली मोजपट्टी धरून, आणि साउंडहोलमधलं लेबल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर अंतर असेल तर ते जाहिरातीत लिहाच. साडेतीनच्या वर असेल तर शिकाऊ पोरगं बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची) धरून बघतं आणि गिटार खाली ठेवतं. पावसाळ्यात वरची फळी फुगून हे अंतर वाढतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचायला लागतात. कारागिराकडून कानशीने टोकं घासून आणि सेटअप (तारांची उंची वगैरे नीट बसवणं) करून घ्या, नव्या तारा बसवा. हजार-बाराशेच्या आतबाहेर खर्च येतो आणि तो भावात भरून निघतो. इलेक्ट्रिकची नॉब फिरवताना खर्र आवाज येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवायची. बिजागरीला मारायचा स्प्रे तिथे नको. तो तेलकट थर सोडतो, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांनी खरखर वाढून परत येते.

आता उण्या बाजू. ‘लास्ट किती?’ हा मेसेज सगळ्यांनाच येतो, त्याचं विशेष काही नाही. फसवणुकीचा सापळाही आता बऱ्यापैकी माहीत झालाय: समोरचा स्वतःला लष्करातला सांगतो, वस्तू न बघताच पूर्ण भाव कबूल करतो आणि ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर पाठवतो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. जास्त त्रास पाठवणीचा. पुण्याचा गिऱ्हाईक ठरला की गिटार ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जाते, आणि मे महिन्यातली बंद डिकी म्हणजे भट्टी. तापून डिंक मऊ पडतो, त्यात तारांची ओढ असली तर ब्रिज मागून उचलतो. म्हणून तारा एक-दोन सुरांनी उतरवून पाठवायच्या, पण पूर्ण ढिल्या सोडायच्या नाहीत. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कपडा किंवा फोम इतका दाबून भरायचा की खोकं हलवलं तरी डोकं हलता कामा नये. मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या गिटारी, म्हणजे लेस पॉल घाटाच्या, नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीच्या, मागेच मोडतात. खोकं नुसतं उताणं पडलं तरी मोडतात. रिकामं खोकं वाद्याच्या दुकानात फुकट मिळतं. यात खर्च थोडा आहे, पण अर्धा दिवस जातो, आणि पोचल्यावर ‘इथे तडा आहे’ असा फोन आला तर आपल्याकडे उत्तर नसतं. खोकं बंद करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

हे सगळं सोसता येतं. माझ्या दृष्टीने पारडं फिरतं ते वस्तू गेल्यानंतर. ऑनलाइन विक्रीत आपला नंबर गिऱ्हाइकाकडे राहतो आणि आपण त्याचं कायमचं सर्व्हिस सेंटर होतो. गिटारचं त्या मानाने निभतं. कीबोर्ड आणि ऑक्टापॅडचे फोन महिनोनमहिने चालतात, तेही कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी, स्टेजवरून. ‘सूर बसत नाही’ म्हणजे ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सेटिंग) दोन वर राहिलाय, किंवा पेटीशी जुळवायला कुणीतरी ट्यूनिंग नेहमीच्या ४४० हर्ट्झवरून हलवलंय. ‘पेडल उलटं चालतंय’ म्हणजे चालू करताना पेडलवर पाय होता; बंद करून, पाय काढून पुन्हा चालू केलं की सरळ होतं. ‘बटणं दाबली तरी आवाज नाही’ म्हणजे बऱ्याचदा लोकल कंट्रोल, म्हणजे कीबोर्डच्या पट्ट्या त्याच्याच आतल्या आवाजाला जोडणारी सेटिंग, बंद पडलंय. ‘एकदम बंद पडला’ हा सगळ्यात वाईट फोन, कारण त्यामागे बहुधा दुसऱ्याच वस्तूचा ॲडॅप्टर असतो. यामाहाच्या कीबोर्डला पिनच्या मधे प्लस लागतो, बॉस कंपनीच्या गिटारच्या इफेक्ट पेडलला मधे मायनस. पिन मात्र बघताना सारखीच दिसते.

त्यातही टोनचा विषय निघाला की संपत नाही. आपल्याकडचा खरेदीदार मॉडेलच्या आधी टोन विचारतो: ढोलकी, हलगी, संबळ, शहनाई भरलेत का? जुन्या कीबोर्डची निम्मी किंमत या भरलेल्या टोनमध्येच असते. नवा मालक मेन्यूत चाळा करतो, फॅक्टरी रीसेट दाबतो, भरलेलं सगळं पुसलं जातं आणि मग ‘तुम्ही दाखवलं होतं ते यात नाहीच’ म्हणून आपल्याशी भांडण. म्हणून विकण्याआधी स्वतः कधीच रीसेट करू नका, टोनचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो वस्तूसोबत द्या, आणि पेनड्राइव्ह दिला असं पावतीवर लिहा. एवढं केलं तरी फोन येतातच, फक्त उत्तर देणं सोपं होतं.

दुकानात कमिशनवर ठेवलं की हे फोन दुकानदाराला जातात, आणि त्याला त्याची सवय असते. शिवाय आपल्याकडे वाद्य घ्यायला कुणी एकटा येत नाही. सोबत एक जाणकार असतोच, आणि खरी घासाघीस तो करतो. दुकानात दोन कीबोर्ड शेजारी ठेवून वाजवता येतात, ॲम्प लावलेला असतो, तिथे जाणकाराचं समाधान लवकर होतं. घरी बैठकीत चप्पल काढून बसलेले चार पाहुणे, चहा, मधेच गेलेली लाइट आणि शेवटी ‘घरी विचारून सांगतो’, यापेक्षा ते बरं. भाव ऑनलाइनपेक्षा थोडा कमी हातात येतो, कमिशनचं बोलणं साधारण १० टक्क्यांच्या आसपास सुरू होतं, हे मान्य.

पण कमिशनचीही खोड आहे: तुमची वस्तू दुकानाचा डेमो पीस होते. येणारा प्रत्येक पोरगा तीच गिटार उचलतो, बेल्टच्या बकलाने मागची बाजू घासते, घामाच्या हातांनी नव्या तारा महिन्यात गंजतात, आणि कुणीतरी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तसाच सोडून जातो. ऑक्टापॅडवर तर लाकडी काठ्यांनी सगळेच बडवून बघतात. यावर उपाय चिठ्ठी. वस्तू ठेवताना साध्या कागदावर दोन प्रती लिहायच्या: मॉडेल, सिरियल नंबर, सोबतच्या वस्तू (ॲडॅप्टर, बॅग, पेडल, पेनड्राइव्ह), आपल्या हातात किती पडायला हवेत तो आकडा, मुदत, आणि आधीपासून असलेले ओरखडे. दोघांच्या सह्या आणि फोटो. टक्केवारीपेक्षा ‘मला निव्वळ इतके’ असं ठरवलं तर बरं, वरचे त्याचे. विकायची ओढही त्यालाच जास्त राहते. आकडा मात्र विचार करून सांगा. फार वर धरलात तर तो आपलं कमिशन वर चढवतो आणि वस्तू नव्याच्या भावाला जाऊन भिडते, मग कुणी हात लावत नाही. गिटार भिंतीवर टांगायची, पण तिची जागा दारातल्या उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात नको. पैसे विकल्याच्या दिवशीच यूपीआयने, हेही लिहा. नाहीतर दुकानदार तुमचे पैसे त्याच्या पुढच्या मालात फिरवतो आणि तुम्ही हेलपाटे घालता.

वादकांचे व्हॉट्सॲप ग्रुप हा मधला मार्ग कुणी सुचवेल. वस्तू तिथे सगळ्यात लवकर जाते, पण पैसे ‘कार्यक्रमाचं पेमेंट आलं की’ किंवा ‘कापूस निघाला की’ येतात. ओळखीत इसार मागायला जीभ रेटत नाही. रेटत असेल तर हा रस्ता वाईट नाही.

तेव्हा कीबोर्ड, ऑक्टापॅड, मिक्सर, ॲम्प दुकानात, असं मी म्हणेन. तुमच्या गावातलं दुकान चिठ्ठी करून द्यायला तयार नसेल तर मात्र शेजारच्या जिल्ह्यातलं बघा. ऑनलाइन विकायला बऱ्या त्या लहान, कुरियरने जाणाऱ्या आणि ज्यांचा खरेदीदार मुळात जाणता असतो अशा वस्तू: इफेक्ट पेडल, ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करायची डबी), कंडेन्सर माइक. त्या घेणाऱ्याला ट्रान्सपोज म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. इंटरफेस कंपनीच्या साइटवर तुमच्या खात्यात नोंदवलेला असेल तर विकण्याआधी नोंद काढायची किंवा नव्या मालकाच्या नावावर करायची, आणि सोबतची सॉफ्टवेअर आपण आधीच वापरली असतील तर तसं जाहिरातीत लिहायचं. नावाजलेली इलेक्ट्रिक गिटार दोन्हीकडे चालते. ती मी आधी जाहिरातीत टाकेन, ‘बघायला या, पाठवणार नाही’ असं स्पष्ट लिहून, आणि मेअखेरीपर्यंत गेली नाही तर दुकानात. तिथली मुदत गणपतीच्या अलीकडे संपेल अशी मात्र घालायची नाही.