आईवडिलांसाठी ओरिजिनल मेडिकेअर की अ‍ॅडव्हान्टेज: बाह्यरुग्ण खर्चाचा विचार

मेडिकेअर हा अमेरिकेतला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा; तो थेट सरकारकडून (ओरिजिनल) किंवा खासगी कंपनीमार्फत (अ‍ॅडव्हान्टेज) घेता येतो. अमेरिकेत राहणाऱ्या आईवडिलांसाठी तो निवडताना बहुतेक मुले आधी हप्ता पाहतात. माझ्या मते आधी पाहायला हवा तो दवाखान्याच्या फेऱ्यांचा खर्च, कारण रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग मोजके असले तरी डॉक्टर, एमआरआय आणि फिजिओथेरपी वर्षभर चालूच असतात.

हा खर्च पार्ट बीमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या बाह्यरुग्ण उपचारांच्या भागात, येतो. २०२६ साली त्याचा सर्वसाधारण हप्ता महिना २०२.९० डॉलर असून तो अ‍ॅडव्हान्टेज घेतले तरी भरावाच लागतो, मग त्या योजनेचा स्वतःचा हप्ता शून्य का असेना.

ओरिजिनलमध्ये वर्षातले पहिले २८३ डॉलर रुग्णाचे, आणि त्यानंतर मेडिकेअरने मान्य केलेल्या रकमेचे साधारणपणे २० टक्के. एमआरआयचे ६०० डॉलर मान्य झाले, तर १२० आपले. हे जड वाटत नाही. पण या २० टक्क्यांना वार्षिक मर्यादाच नाही, त्यामुळे कीमोथेरपी सुरू झाली की घराचा हिशेब कोलमडतो. म्हणूनच सोबत मेडिगॅप (ओरिजिनलने न भरलेला वाटा उचलणारा खासगी पूरक विमा) घ्यावे, आणि तेही वयाच्या पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, कारण तेवढ्याच काळात आजारपणाचे कारण दाखवून कंपनीला नकार देता येत नाही. पुढे बहुतेक राज्यांत देता येतो. मेडिगॅपचा प्लॅन जी ते २० टक्के भरतो, २८३ डॉलर मात्र भरत नाही.

अ‍ॅडव्हान्टेज खासगी कंपन्या चालवतात. भेटीमागे ठरलेला को-पे (रुग्णाने भरायची रक्कम) असतो आणि नेटवर्कमधल्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या, खर्चाला २०२६ साली कमाल ९,२५० डॉलरची मर्यादा आहे, हा मोठा दिलासा. मात्र डॉक्टर नेटवर्कमध्ये असावे लागतात आणि महागड्या तपासण्यांना बहुधा कंपनीची पूर्वपरवानगी लागते.

एका गोष्टीबद्दल मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. मनगटावर रुग्णालयाचा पट्टा, हाताला सलाईन, रात्रभर खाट. तरीही कागदावर ‘ऑब्झर्व्हेशन’ (फक्त निरीक्षणाखाली) लिहिलेले असेल तर रुग्ण दाखल झालेलाच नसतो आणि ओरिजिनलमध्ये बिल पार्ट बीखाली येते. खाटेजवळ उभे असतानाच विचारून घ्यावे.

ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना वयाची पासष्टी आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावर पार्ट बी विकत घेता येतो. अमेरिकेत नोकरी झालेली नसेल तर पार्ट ए (रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा भाग) महिना ५६५ डॉलरपर्यंत पडतो, म्हणून अनेक घरांत नुसता बी घेतला जातो. तसे केल्यास अ‍ॅडव्हान्टेज मिळत नाही आणि मेडिगॅपही नाही, कारण दोन्हींसाठी ए आणि बी लागतात.

दोन्ही भाग असतील आणि हिवाळा पुण्यात काढायचा असेल, तर परवडत असल्यास मी ओरिजिनल आणि प्लॅन जी सुचवेन. ओरिजिनल एकटे भारतातला खर्च सहसा देत नाही. प्लॅन जी मात्र प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांचे, २५० डॉलर वजा जाता, ८० टक्के देतो, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये मुक्काम सहा महिन्यांपेक्षा लांबला तर सहसा नावच कमी होते.