आठ महिने लिब्रेऑफिस रायटर: बचत गटाचे ठराव आता कॉम्प्युटरवर

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या महिला बचत गटाची सचिव आहे. गटाचे ठराव, अर्ज, इतिवृत्त सगळं वर्षानुवर्षं हातानं लिहिलं. एका आकड्यात खाडाखोड झाली की पूर्ण पान पुन्हा लिहायचं.

दिवाळीत लेक अमरावतीहून आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. त्यात लिब्रेऑफिस टाकून दिलं; त्यातला रायटर म्हणजे अर्ज, ठराव टाइप करायचा प्रोग्राम. पैसे लागत नाहीत, २०१० पासून जगभरातली माणसं मिळून ते बनवतात, एवढं तिनं सांगितलं. तोवर मी माऊसला हात लावलेला नव्हता.

मराठी टाइप करायला तिनं इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. त्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, शिफ्टसोबत ख. एल वर त, शिफ्टसोबत थ. ही जोडी लक्षात आली की निम्मी अक्षरं आपोआप सापडतात. मी अडले वेलांटीला. ‘दिनांक’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते म्हणून मी ती आधी दाबायची, अन् पडद्यावर ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली नुसती वेलांटी यायची. आधी द, मग वेलांटी, हे हाताला कळायला पंधरा दिवस गेले. अक्षराचा पाय मोडायला डी. व, डी, य, काना, ज असं दाबून ‘व्याज’ पहिल्यांदा नीट उमटलं, त्या रात्री मी ते ओळभर लिहिलं.

सगळ्यात जास्त त्रास स्पेसबारनं दिला. तारीख उजवीकडे न्यायची, दाब स्पेस. विषय मधोमध आणायचा, दाब स्पेस. पडद्यावर अर्ज सुरेख दिसायचा. मग एका सदस्याचं नाव बदललं की खालच्या सह्यांच्या जागा सरकायच्या. तालुक्याला प्रिंट काढली तर तारीख दोन ओळींत तुटलेली. तिथल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट वेगळा होता. लेकीला फोन केला. ती म्हणाली, “माय, कंट्रोल दाबून एफ टेन दाब अन् मले सांग काय दिसते.” दाबलं तर पानभर तीळ सांडल्यासारखे ठिपके! प्रत्येक ठिपका म्हणजे मी मारलेली एक स्पेस. त्या दिवसापासून उजवीकडे न्यायला कंट्रोल आर, मधोमध आणायला कंट्रोल ई. सह्यांसाठी दोन खणांचं टेबल घालते आणि त्याच्या रेषा काढून टाकते. आता नाव कितीही लांब असो, सह्या हलत नाहीत. नवीन शिकणाऱ्या बाईला मी पहिल्याच दिवशी हे ठिपके दाखवीन.

लॅपटॉपची बॅटरी गेलेली आहे, त्यामुळे लाईन गेली की सगळं बंद. रायटर दर दहा मिनिटांनी काम राखून ठेवतो. ऑप्शन्समध्ये लोड-सेव्हखाली जाऊन मी ते तीन मिनिटांवर आणलं. तरी प्रत्येक परिच्छेदानंतर कंट्रोल एस दाबतेच.

तक्रारी आहेत. मराठी मजकुराचा फॉन्ट आणि इंग्रजी अंकांचा फॉन्ट वेगळा ठरवावा लागतो, नाहीतर खाते क्रमांक बारीक दिसतो. हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. गटाची जुनी नियमावली उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं. ती फाइल जुन्या फॉन्टमध्ये होती. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले असतात, तो फॉन्ट नसला की मराठी वाचता येत नाही. आता मी टाइप करते ते युनिकोडमध्ये असतं. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून नवा मजकूर फोनवरही वाचता येतो. नियमावली मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली, अकरा संध्याकाळ लागल्या. माझा टाइपिंगचा हात त्यानंच बसला.

बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवते. वर बटण आहे, एका दाबात होतं आणि प्रिंट घरच्यासारखीच निघते.

सध्या वर्षभराच्या कर्जवाटपाचं टेबल करते आहे. ते दुसऱ्या पानावर गेलं तेव्हा वरची रकान्यांच्या नावांची ओळ तिथंही आपोआप आली. हे मी सांगितलेलं नव्हतं. पेरणी आटोपली की उरलेले चार महिने त्यात भरायचे आहेत.