दगडाची गोलाई कागदावर : कंटूर गेज, तीन वर्षांच्या वापरानंतर

जुन्या वास्तूंची मापं घेऊन आरेखनं करणं हे माझं काम. टेप आणि ओळंबा बऱ्याच ठिकाणी पुरतात. अडतं ते खांबाच्या तळखड्याच्या गोलाईपाशी. तिथे मी 25 सेंटिमीटर रुंदीचं, प्लास्टिकच्या काड्यांचं कंटूर गेज, म्हणजे गोलाईचा आकार जसाच्या तसा उतरवणारं साधन, वापरते.

दगडाला टेकवून हलकेच दाबलं की काड्या आकाराप्रमाणे मागे सरकतात. खटका लावायचा, गेज कागदावर ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची. मिनिटाभरात काटछेद तयार. कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या रॉबर्ट विलिस यांनी 1842 मध्ये याच कामासाठी ‘सायमाग्राफ’ नावाच्या उपकरणाचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. रोमन वास्तूंतल्या घडीव थरांची (मोल्डिंगची) गोलाई बहुधा कंपासने काढलेली असते, ग्रीक थरांची तशी नसते. मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीच्या इमारतीत तर तळखड्याच्या काटछेदावरून बांधकामाचा काळ ठरवायला मोठी मदत होते. अंदाजाने गोलाई काढली की नेमका हाच पुरावा हातचा जातो.

पोलादी काड्यांचं गेज घेऊ नका. मऊ वालुकाश्मावर आणि चुन्याच्या गिलाव्यावर ओरखडे उठतात. पापुद्रे सुटलेल्या किंवा जुन्या रंगाचे अंश असलेल्या दगडाला तर प्लास्टिकचंही लावू नये. तिथे फोटोंवरूनच मापं काढावीत. मंदिराच्या वेदीबंधातले, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या घडीव थरांतले, खुर आणि कलश हे थर छान उतरतात. त्यातलाच मोठा कुंभाचा थर मात्र तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो, कारण काड्या आखूड पडतात.

खरी उणीव निराळीच. 13व्या शतकातल्या इंग्लिश गॉथिक तळखड्यांत दोन फुगीर कड्यांमधली घळ खालच्या बाजूला वळलेली असते, पाणी ओतलं तर साचून राहील अशी. समोरून लावलेल्या गेजच्या काड्या खालच्या कड्यावरून थेट मागच्या दगडाला भिडतात. मधली घळ त्यांच्या वाटेत येतच नाही. माझ्या पहिल्या आरेखनात तिथे सपाट पायरी उमटली होती. सहज बोट घातलं तर पेरभर आत गेलं, तेव्हा चूक कळली. तो कागद मी पुन्हा केला.

आता वरून तिरकं धरून दुसरा काटछेद घेते आणि दोन्ही जुळवते. जीर्णोद्धारात जिथे तर्क सुरू होतो तिथे थांबावं, असं वास्तुजतनाची 1964 ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते. म्हणून काड्या पोचल्या तेवढीच रेषा मी अखंड ओढते, उरलेली तुटक.