डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघा

पाटण तालुक्यात आमची संस्था मुलींचं एक छोटं वसतिगृह चालवते. मी सचिव आहे. वेबसाइट नवी करून घेण्याच्या नादात संस्थेचे ९४,४०० रुपये गेले आणि अकरा वर्षं वापरलेला वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, तोही गेला. दुसऱ्या कुठल्या संस्थेवर ही पाळी येऊ नये म्हणून घडलं तसं लिहितोय.

साइट नवी करायला हवी होती, यात शंका नाही. आमचे बरेचसे देणगीदार म्हणजे मुंबईत माथाडी म्हणून राबलेल्या घरांतली पुढची पिढी. ही मंडळी सगळं मोबाइलवर बघतात, आणि आमची साइट मोबाइलवर धड उघडत नव्हती. देणगीचं पान शोधावं लागे. आयकरात सवलतीसाठी लागणारी ८०जीची पावती कशी मिळणार, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ओळखीतून एका एजन्सीचा तरुण आला. "सर, लोक येतात आणि दहा सेकंदांत निघून जातात. आपण त्यांना धरून ठेवू," म्हणाला. ऐंशी हजार अधिक जीएसटी, निम्मे आगाऊ. कोटेशनवर आम्ही सह्या केल्या, वेगळा करार केला नाही.

मग त्याने डोमेनचं लॉगिन मागितलं आणि मी दिलं. दोन दिवसांनी संस्थेच्या मेलवर इंग्रजीत एक लांबलचक मेल आला. मी त्याला फोन लावला. "रूटीन आहे सर, खालचं बटण दाबा." महिनाअखेर होती, समोर किराणा आणि भाजीची बिलं पसरलेली. मी बटण दाबलं. डोमेनचा मालक बदलायला मी दिलेली ती संमती होती.

नवी साइट दिसायला देखणी होती. पहिल्याच पानावर हसऱ्या मुलींचा मोठा फोटो. आमच्या सातवीतल्या एका मुलीने तो बघून विचारलं, "काका, ह्या कुठल्या वसतिगृहातल्या?" त्यात आमची एकही मुलगी नव्हती. तो प्रश्न मला अजून टोचतो. त्याच दिवशी मी फोटो बदलायला लावायला हवा होता.

पानाच्या तळाला भेट देणाऱ्यांचा आकडा सारखा वाढत असायचा. महिन्याभरात बारा हजारांवर गेला. विश्वस्तांच्या बैठकीत मी तो अभिमानाने वाचून दाखवला. देणग्या मात्र होत्या तेवढ्याच. दिवाळीला आमची एक माजी विद्यार्थिनी आली, ती आता कराडला इंजिनिअरिंग शिकते. तिने साइट माझ्या आणि तिच्या फोनवर एकाच वेळी उघडली. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे. मग तिने माझ्या फोनचं नेट बंद केलं. आकडा तरीही वाढतच होता.

वर्ष भरलं आणि 'वार्षिक देखभाल' म्हणून साठ हजारांचं बिल आलं. आम्ही नकार दिला. तिसऱ्या दिवशी साइट बंद, आणि त्याच डोमेनवरचा मेलही बंद. जुलै महिना, रिटर्न भरायचे दिवस. देणगीदार १०बीई, म्हणजे करसवलतीसाठीचं देणगीचं प्रमाणपत्र, मागत होते आणि त्यांचे मेल परत जात होते. एका आजोबांनी फोनवर विचारलं, "संस्था चालू आहे ना?"

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. वकिलाने आधी करार मागितला, मग तो संमतीचा मेल.

तुमच्या संस्थेची साइट दुसऱ्या कुणी केली असेल, तर डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या खात्यात स्वतः लॉगिन करून बघा. मालक म्हणून संस्थेचं नाव हवं, आणि खात्याला जोडलेला मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं की तोही जातो. काम करणाऱ्याला खात्याचा पासवर्ड द्यायचं कारण नसतं. साइट दुसऱ्या सर्व्हरकडे वळवायला जे बदल लागतात, ते त्याला विचारून आपल्याला करता येतात. भेटींची मोजणीही संस्थेच्याच खात्यातून झाली पाहिजे, पानावर पळणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. परवानगी मागणारा मेल आला, तर जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय बटण दाबू नका.

इंजिनिअरिंगच्या त्या माजी विद्यार्थिनीने नव्या नावावर तीन पानांची साइट करून दिली आहे. फोटो आमच्याच मुलींचे, पालकांना विचारून घेतलेले. जुनी पावतीपुस्तकं अजून संपलेली नाहीत. प्रत्येक पावतीवरचा जुना पत्ता पेनाने खोडून शेजारी नव्याचा शिक्का मारावा लागतो. संध्याकाळी मी तेच करत बसतो.